हजेरीपत्रकाचे जाहीर वाचन : दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना आणि लोकांची देखरेख

दारिद्र्यनिर्मूलनाच्या प्रत्येक योजनेचे दोन हिशेब होत असतात. एक हिशेब तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कार्यालयांत होतो. मंजूर रक्कम, झालेला खर्च, पूर्ण झालेली कामे आणि लाभार्थींची संख्या यांची त्यात नोंद असते. दुसरा हिशेब पाड्यावर, विहिरीच्या काठी आणि रास्त भाव दुकानाच्या ओट्यावर होतो. कोणाला किती दिवस काम मिळाले, मजुरी केव्हा हाती पडली, बांध खरोखर किती लांबीचा झाला, हे तेथे तोंडपाठ असते. हे दोन्ही हिशेब जुळले तर योजना यशस्वी झाली असे म्हणावे. ते जुळत नसतील तर त्यांतील अंतर कोणी, केव्हा आणि कसे मोजावयाचे, हा प्रश्न उरतो. लोकांनी व लोकसंघटनांनी शासकीय योजनांवर ठेवावयाच्या देखरेखीचा सारा विचार या एका प्रश्नाभोवती फिरतो.

पालघर जिल्हा हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड असे त्याचे आठ तालुके आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर आदी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

बंदरपट्टी आणि जंगलपट्टी

या भागातील लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात : बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. बंदरपट्टीत रेल्वे आहे, सातपाटीसारखी मच्छीमार गावे आहेत, १९६९ साली वीजनिर्मिती सुरू केलेले तारापूरचे अणुवीज केंद्र आहे आणि बोईसरलगत पसरलेली तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. जंगलपट्टीत डोंगरउतारावरील भातखाचरे, विखुरलेले पाडे आणि एका पिकावर वर्ष काढणारी कुटुंबे आहेत. भाताची कापणी व झोडणी आटोपली की या कुटुंबांपुढे रोजगाराचे प्रश्नचिन्ह उभे राहते. काही जण बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली काम धरतात, काही जण नाक्यावर उभे राहतात, तर दिवाळीनंतर अनेक कुटुंबे बिऱ्हाड घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात. बिऱ्हाडाबरोबर शाळेत जाणारी मुलेही जातात.

गावातच काम मिळावे आणि हे स्थलांतर थांबावे हा रोजगार हमीचा मूळ हेतू होय. परंतु मजुरासमोरील निवड कागदावरील दराने ठरत नाही. नाक्यावरील मजुरी पुष्कळदा त्याच दिवशी संध्याकाळी रोख हाती पडते, वीटभट्टीवर आगाऊ उचल मिळते आणि रोजगार हमीचे पैसे काही आठवड्यांनी बँकेत जमा होतात. ज्याच्या घरी उद्याचे धान्य नाही, तो कोणता मार्ग धरील हे सांगावयास नको. म्हणून या भागात विलंब हा केवळ कार्यालयीन दोष राहत नाही. विलंबानेच मजूर पुन्हा उचलीच्या फेऱ्यात जातो. देखरेखीचे मोल येथे पैशापेक्षाही दिवसांत मोजावे लागते.

देखरेखीची स्थानिक परंपरा

लोकांनी हिशेब मागण्याची परंपरा या परिसरात नवी नाही. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणू भागातील वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची प्रथा यांविरुद्ध लढा उभारला. लग्नासाठी घेतलेल्या अल्प कर्जापायी नवरा-बायकोला सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे. ते कर्ज कधी फिटत नसे, कारण त्याची नोंद केवळ सावकाराच्या वहीत असे. नोंद ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हा धडा त्या पिढीने सोसून शिकला.

१९७० च्या सुमारास पालघर तालुक्यात काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखाली भूमिसेना उभी राहिली. जमीन, वेठबिगारी आणि मजुरी या प्रश्नांवर गावोगावच्या तरुण मंडळांनी एकत्र बसून विचार करावा व निर्णय घ्यावा, ही तिच्या कार्याची पद्धत होती. बाहेरच्या कार्यकर्त्याने येऊन प्रश्न सोडवावा यापेक्षा गावाने स्वतः माहिती गोळा करावी यावर तिचा भर होता. या प्रयोगाची दखल देशाबाहेरील विकास अभ्यासकांनीही घेतली. पुढे डहाणू भागात कष्टकरी संघटना आणि १९८२ साली वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने श्रमजीवी संघटना यांनी हे कार्य आपापल्या परीने चालविले.

याच काळात कायद्यानेही देखरेखीस स्थान दिले. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ च्या कलम १३ अन्वये जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद झाली. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीत अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, सामाजिक कार्यकर्ते आणि ग्रामविकासाशी संबंधित संस्थांचे प्रतिनिधी असावेत, असे कायदा सांगतो. शासकीय कामावर लक्ष ठेवण्यासाठी बिगरशासकीय माणसाला अधिकृत आसन देणाऱ्या आरंभीच्या कायद्यांत याची गणना करावी लागेल. तथापि समितीची बैठकच झाली नाही तर आसन रिकामे राहते, हेही तितकेच खरे. १९८४ साली नीरजा चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुक्त झालेल्या वेठबिगारांच्या पुनर्वसनात सामाजिक संस्थांना सहभागी करून घेण्याची गरज स्पष्ट केली, त्यामागे हाच अनुभव होता.

हमीपासून हिशेबापर्यंत

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात राज्यातील कामांवर सुमारे ५० लाख मजूर राबले. त्या अनुभवाच्या पायावर महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले. योजनेवर लक्ष ठेवण्यासाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची समितीही नेमली जाऊ लागली.

हक्क मिळाला, पण त्याचा पुरावा मात्र दीर्घकाळ मुकादमाच्या हातातील हजेरीपत्रकात राहिला. हे हजेरीपत्रक लोकांसमोर उघडण्याची चळवळ राजस्थानात झाली. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. कामांची कागदपत्रे गावासमोर मोठ्याने वाचली गेली. गाव सोडून गेलेल्यांची नावे हजेरीत, न झालेली कामे पूर्ण म्हणून नोंदलेली, असे प्रकार तेथल्या तेथे उघड झाले. त्यासाठी तज्ज्ञ लेखापरीक्षक लागला नाही. ज्यांची नावे कागदावर होती, ती माणसे समोर बसलेली होती, एवढेच पुरेसे ठरले.

या अनुभवातून माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली. महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली त्यासंबंधीचे कायदे केले. ८ मे २००२ रोजी अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अन्न व रोजगार योजनांचे सामाजिक अंकेक्षण करण्याचा ग्रामसभांचा अधिकार मान्य केला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने त्यास वैधानिक रूप दिले : ग्रामसभेने कामांवर देखरेख ठेवावी, नियमित सामाजिक अंकेक्षण करावे आणि हजेरीपत्रके, देयके, मोजमाप पुस्तिका व मंजुरी आदेश ग्रामपंचायतीने तिच्यासमोर ठेवावेत. २०११ च्या नियमांनी असे अंकेक्षण सहा महिन्यांतून किमान एकदा होईल अशी व्यवस्था केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी वर्षाला १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला असून त्यातही सामाजिक अंकेक्षणास स्थान आहे. कायद्याचे नाव बदलले तरी गावासमोर ठेवावयाचे कागद तेच राहणार आहेत.

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे हात आणखी बळकट आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार दारिद्र्यनिर्मूलन योजनांचे लाभार्थी निवडण्याची जबाबदारी ग्रामसभेची आहे, आणि ग्रामपंचायतीने केलेल्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांमुळे पाड्यालाही विहित पद्धतीने स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा घेता येते. सही देण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला सही करण्यापूर्वी वाचण्याचा अधिकार ओघानेच येतो.

तीन कागद, तीन प्रश्न

सामाजिक अंकेक्षण ही अवघड विद्या नव्हे. रोजगाराच्या कामापुरते बोलावयाचे तर तीन कागद वाचावे लागतात.

पहिला कागद म्हणजे काम मागणीच्या अर्जाची दिनांकित पोच. महाराष्ट्रात नमुना ४ मध्ये कामाची मागणी आणि नमुना ५ मध्ये तिची पोच अशी पद्धत रूढ झाली. २००५ च्या कायद्यानुसार मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश बेकारी भत्ता देय होता. २०२५-२६ साठी राज्याचा दर दैनिक ३१२ रुपये होता. म्हणजे हा भत्ता दिवसाला ७८ रुपये होतो. परंतु पोच नसेल तर १५ दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे? तोंडी मागणी केलेल्या मजुराचा हक्क तेथेच संपतो. म्हणून पहिला प्रश्न हा : मागणी करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पोच आहे काय?

दुसरा कागद हजेरीपत्रक. ते केवळ भिंतीवर लावून भागत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नाव, दिवस आणि रक्कम मोठ्याने, शक्यतो वारली किंवा स्थानिक बोलीत सांगावी. २०२३ पासून कामावरील हजेरी भ्रमणध्वनीवर छायाचित्रासह दिवसातून दोनदा नोंदविण्याची सक्ती झाली आणि २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागली. या सुधारणांचा हेतू चांगला आहे, परंतु छायाचित्र घेतले गेले म्हणून मजुराला त्याची नोंद कळली असे होत नाही. एकाहून अधिक खाती असलेल्या मजुराला आपले पैसे कोणत्या खात्यात गेले हेच ठाऊक नसते. म्हणून दुसरा प्रश्न : कागदावरील दिवस व रक्कम मजुराच्या आठवणीशी व खातेपुस्तिकेशी जुळतात काय?

तिसरा कागद मोजमाप पुस्तिका. तिचा अनेकांना धाक वाटतो, पण तिच्यातील गणित शाळेतील घनफळाच्या धड्याएवढेच असते. समजा, डोंगरउतारावर समतल चरांचे काम झाले. प्रत्येक चर २० मीटर लांब, ०.६० मीटर रुंद व ०.३० मीटर खोल आहे. तिन्हींचा गुणाकार ३.६ घनमीटर. पुस्तिकेत असे ५० चर, म्हणजे १८० घनमीटर खोदकाम नोंदले आहे. गावकऱ्यांनी टेप धरून मोजले असता ४० चर आढळले, तर खोदकाम १४४ घनमीटर भरते. ३६ घनमीटरचा फरक समोर येतो. हा फरक चुकीचा असेल, नोंदीतील घाईचा असेल किंवा अपहाराचा असेल. ते चौकशीत ठरेल. पण फरक आहे हे सांगण्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही.

मोजणी केव्हा करावी

पालघरच्या परिसरात या कामाला ऋतूचे बंधन आहे. येथे पाऊस जोराचा पडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांत चरांत गाळ भरतो, मातीचे बांध खचतात आणि मजगीच्या कडा वाहून जातात. पावसाळ्यानंतर काम मोजू लागल्यास प्रामाणिक काम करणाऱ्यावरही ठपका येतो आणि अप्रामाणिकास पावसाचे निमित्त मिळते. दुसरीकडे, वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे दिवाळी ते मे गावात नसतात. २६ जानेवारी व १ मे यांच्या ग्रामसभांत नेमका तोच साक्षीदार गैरहजर असतो, ज्याच्या नावावर हजेरी लागलेली असू शकते.

या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणे हाच उपाय होय. शिमग्याला पाडा भरतो. बाहेर गेलेली माणसेही सणासाठी परततात. त्या सुमारास, सणाचा दिवस टाळून, पाड्यावर हजेरीपत्रकाचे वाचन ठेवता येईल. मेच्या अखेरीस, पावसापूर्वी, कामांची मोजणी पूर्ण करता येईल. लावणी आटोपल्यावर ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्हींचा एकत्रित अहवाल वाचता येईल. कायद्याने सांगितलेली सहा महिन्यांची मुदत पाळली जाईल आणि पुरावा व साक्षीदार दोन्ही हाती राहतील. वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने न आखता शेताच्या व पाड्याच्या ऋतुचक्राने आखले, तर देखरेखीचे अर्धे काम तेथेच होते.

विलंबाचा हिशेब

गैरव्यवहार उघडकीस आला की त्याची चर्चा होते. विलंबाची होत नाही. पालघरसारख्या भागात मात्र विलंबाचाच हिशेब अगत्याने वाचला पाहिजे. २००५ च्या कायद्याखालील व्यवस्थेत हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी देणे आवश्यक होते. त्यानंतर दर दिवशी थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के भरपाई ठरविलेली होती. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर ही भरपाई दिवसाला सुमारे ९४ पैसे येते. पूर्ण महिनाभर उशीर झाला तरी मजुराच्या हाती अवघे २८ रुपये पडतात. त्याच महिन्यात त्याने काढलेल्या उचलीची किंमत याहून कितीतरी अधिक असते.

१८ मे २०१८ रोजी स्वराज अभियान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मजुरी पंधरवड्यात मिळण्याचा मजुराचा हक्क अधोरेखित केला आणि विलंब कोणत्या पातळीवर झाला या कारणाने शासनास जबाबदारी टाळता येणार नाही हे स्पष्ट केले. ग्रामसभेने म्हणूनच प्रत्येक हजेरीपत्रकासमोर चार तारखा लिहून घ्याव्यात : काम संपले ती, मोजमाप झाले ती, रक्कम मंजूर झाली ती आणि खात्यात जमा झाली ती. उशीर गावात झाला, पंचायत समितीत झाला की त्याच्याही वर झाला, हे या चार तारखा सांगतात. यातून निरपराध कर्मचाऱ्यावरील राग दूर होतो आणि तक्रार योग्य पत्त्यावर जाते.

संवादाची पद्धत

देखरेख म्हणजे केवळ दोषारोप नव्हे, याचे उदाहरण आरोग्यसेवेत सापडते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. त्यांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा समावेश होता. पुण्याच्या साथी संस्थेने राज्यपातळीवर समन्वय साधला. गावकऱ्यांनी सेवांना चांगली, मध्यम, वाईट असे दर्जे देऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार करावे, ते जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडावे आणि काही काळाने पुन्हा तपासावे, अशी ही रीत होती. अक्षर न येणाऱ्या स्त्रीलाही रंगावरून आपल्या गावाची स्थिती कळे. या पद्धतीचे बळ दुसऱ्या तपासणीत आहे. पहिल्या वेळी जे वाईट ठरले ते दुसऱ्या वेळी सुधारले काय, हे विचारले जाते. हीच दृष्टी रास्त भाव दुकानांच्या बाबतीतही ठेवता येते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या या दोहोंची तरतूद आहे.

जबाबदारीची वाटणी

पंचायत सदस्याने ग्रामसभेपूर्वी कागद मागवून घ्यावेत आणि महिलांच्या सभेत ते आधी वाचले जातील हे पाहावे. मजुरांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो आणि भरसभेत त्यांना बोलण्यास संकोच वाटतो. शिक्षकांवर आणखी एक शासकीय काम लादावे असा येथे हेतू नाही. तथापि घनफळाचा पाठ शिकविताना गावातील चराचे उदाहरण घेतले, तर मुलांचे गणित पक्के होईल आणि घरी आईवडिलांना कागद वाचून दाखविणारा एक वाचकही तयार होईल.

अधिकाऱ्यांनी अंकेक्षणाकडे संशय म्हणून पाहू नये. जिल्ह्याचे मुख्यालय पालघरला आल्याने तक्रारदाराची ठाण्याची फेरी वाचली आहे. आता तक्रारीस तारीख आणि उत्तरास मुदत मिळाली पाहिजे. अंकेक्षणात रक्कम वसूलपात्र ठरली आणि वसुली झालीच नाही, तर पुढच्या सभेला कोणी येत नाही. उलट एका पाड्यावरील थकलेली मजुरी सभेनंतर आठ दिवसांत मिळाली, तर शेजारचे चार पाडे आपण होऊन कागद मागतील. ज्या मजुराने जाहीरपणे सत्य सांगितले, त्याचे पुढचे काम बंद होणार नाही याची हमीही प्रशासनाने द्यावयास हवी.

स्वयंसेवी संस्थांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. त्यांनी आपल्या निधीचा हिशेब त्याच सभेत मांडावा. गावाच्या वतीने बोलण्यापेक्षा गावाला बोलते करावे. वर्षानुवर्षे तोच कार्यकर्ता कागद वाचत असेल, तर देखरेखीचे काम अजून गावाचे झालेले नाही असे समजावे.

सावकाराच्या वहीतील अंगठ्यापासून ग्रामसभेच्या प्रमाणपत्रापर्यंत या मुलखाने मोठा पल्ला गाठला आहे. ज्याच्या नावाने नोंद होते, त्याने ती ऐकावी, तपासावी आणि चुकली असल्यास वेळेत दुरुस्त करून घ्यावी, एवढीच या साऱ्या कायद्यांची अपेक्षा आहे. येत्या शिमग्याला जिल्ह्यातील एखाद्या पाड्याने आपले हजेरीपत्रक मोठ्याने वाचले आणि त्यातील थकलेली मजुरी पावसापूर्वी पदरात पाडून घेतली, तर पुढील दिवाळीनंतर त्या पाड्यावरील काही बिऱ्हाडे तरी हलणार नाहीत, आणि त्या घरांतील मुले शाळेच्या पटावरच नव्हे तर वर्गातही असतील.